आमच्या काट्यानं पंधरा

विमानतळावर काउंटरवरच्या पोरीनं बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली, मी ठेवली, आणि आकडे जरा इकडेतिकडे होऊन एका जागी थांबले. १६.६. मी म्हणलं, अहो पंधरा आहे ती, घरून मोजून आणली. ती हसली. वाईट नाही हसली, पण जे वाक्य दिवसातून पन्नासदा ऐकावं लागतं त्याला माणूस जसं हसतं तसं. "घर का काँटा है ना मॅम, ऐसाच होता है." मला रागच आला. घरचा काटा म्हणजे काय बाथरूममधला समजली का ही? आमचा काटा कापसाचा आहे, त्यावर माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी क्विंटल कापूस मोजला गेलाय. बाजूचं काउंटर रिकामं होतं, मी म्हणलं तिकडं एकदा ठेवून बघू का. तिनं ठेवू दिली बिचारीनं. १६.६. मागं लाइन लागली होती, एक काका घड्याळ बघून राहिले होते. खांद्यावरची बॅग आधीच सातला टेकलेली, त्यात एक रुमालही जात नव्हता. तिनं पंधराच्या वर २ किलो धरले, वरच्या सहाशे ग्रॅमचा पूर्ण किलो, आणि किलोमागे साडेपाचशे. अकराशे रुपये मी फोनवरून भरले आणि बोर्डिंग पास घेऊन बाजूला झाले.

काचेच्या बाहेर बाबा उभे होते. तिकीट नसलेल्याला सीआयएसएफवाले आत सोडत नाहीत, त्यामुळं ते बाहेरूनच हात हलवत होते. मग फोन आला. "बराबर भरलं नं वजन?"

मी म्हणलं, हो बाबा, बराबर पंधरा.

आता ह्यात खोटं बोलण्यासारखं काय होतं, सांगा. दीड किलोचा फरक पडला म्हणलं असतं तर ते म्हणले असते जाऊ दे. पण तोंडातून निघून गेलं. बंगलोर येईपर्यंत पावणेदोन तास मी खिडकीतून ढग बघायच्या ऐवजी तेवढंच घोळत बसले, की हे दीड किलो आलं कुठून.

आदल्या रात्रीची गोष्ट. जून सुरू झाला होता, पाऊस आज येतो उद्या येतो असं चाललेलं, वावरं वखरून तयार, बियाण्याची पाकिटं आणून देवघरापाशी ठेवलेली, आणि ओसरीवर माझी बॅग उघडी पडलेली. नोकरी लागली होती, परत कधी येईन ते माहीत नव्हतं, म्हणजे हे शिफ्टिंगच, फक्त ट्रकाऐवजी १५ किलोत करायचं. आईला हा आकडाच पटत नव्हता. रेल्वेत स्लीपरलासुद्धा ४० किलोपर्यंत चालतं आणि तिथंही कोण मोजतं, आणि इथं चार पट पैसे देऊन पंधरा? मी सांगितलं की रिकाम्या बॅगचंच वजन सव्वातीन किलो आहे. आई बॅगकडं बघत राहिली. "डब्याचंच तीन किलो, मंग डबाच काहाले नेतं वो? चुंगडीत बांध नं." मी हसले, पण हिशेबानं बरोबरच होतं तिचं. खताची धुतलेली चुंगडी शंभर-सव्वाशे ग्रॅमची असेल, आणि विमानाच्या पोटात गेल्यावर तिला कोण बघतंय.

आईनं ओसरीवर ढीग मांडले होते. नव्या तुरीची घरी भरडलेली डाळ, ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, सांडग्या मिरच्या, मूगवड्या, भिवापुरी मिरचीचं तिखट दोन पिशव्यांत एकीत एक घालून, आणि सरगुंडे, म्हणजे कणकेच्या वाळवलेल्या पोकळ नळ्या. सरगुंडे म्हणजे सगळ्यात फसवा माल. वजनाला काहीच नाही आणि अर्धी बॅग खाऊन टाकतात, वर त्यांच्यावर काही ठेवता येत नाही, मोडतात. डाळीचं उलटं, मूठभर जागेत दोन किलो गप्प बसते. आई ते बरोबर ओळखून होती, तिनं डाळ कोपऱ्याकोपऱ्यात, बुटांच्या आत, स्वेटरच्या बाह्यांत भरली. खोबऱ्याच्या दोन वाट्या मी बाहेर काढल्या, सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यात तेल असतं आणि ते पेटू शकतं, असं सांगितलं. "खोबऱ्यानं इमान जळते? आपलं घर नाई जळलं आजलोक." मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत म्हणून ते मोठ्या बॅगेत गेलं, तूप शंभर मिलीच्या वर हातात चालत नाही म्हणून तेही मोठ्या बॅगेत, म्हणजे जड जड सगळं तिकडंच. माझी पुस्तकं तीन राहिली, मग दोन, मग एक. कपडे तर मी निम्मे काढले. अमेरिकेला गेलेल्या माझ्या मामेभावाला तेवीस-तेवीसच्या दोन बॅगा मिळाल्या होत्या, त्याच्या घरी तर पाटा-वरवंटा टाकायचाच बाकी होता म्हणे.

मग बाबांनी काटा काढला.

हा काटा आमच्या आबांच्या वेळचा. पन्नास किलोचा, गोल, घड्याळासारखी तबकडी, वर अडकवायला कडी, खाली ओझं लटकवायचा आकडा. तो कोठ्यातल्या खिळ्याला तोंड भिंतीकडं करून टांगलेला असतो, धूळ बसू नये म्हणून असं बाबा म्हणतात. हंगाम मार्चमध्येच संपलेला, तेव्हापासून तो तिथंच होता. त्यांनी तो ओसरीच्या नाटीला दोरानं बांधला, बॅग आकड्याला लावली, आणि टॉर्च तोंडात धरून दोन्ही हातांनी बॅग स्थिर केली. बॅग गरगर फिरत होती. मी म्हणलं किती, ते म्हणले थांब. बोलताना टॉर्च पडला. साडेसोळा होतं, तिखटाची एक पिशवी काढली, सोळा, मग पुस्तक काढलं, मग पीठ निम्मं केलं. आई प्रत्येक खेपेला म्हणायची काट्यालेच काही झालं असन. शेवटी बाबांनी बॅग लावली, सोडली, एक पाय मागं घेऊन उभे राहिले आणि म्हणले, "पंधरा. इकडं नाई का तिकडं नाई." असं म्हणायची त्यांची एक पद्धत आहे, आकडा बोलला की तो विषय संपला.

ही पद्धत मी लहानपणापासून ऐकत आले. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बांधावरच्या बाभळीला हा काटा लागायचा. दिवसभर वेचणाऱ्या बाया ओट्या रिकाम्या करून करून जुन्या लुगड्यात गाठोडी बांधायच्या आणि रांगेत आणून ठेवायच्या. कापसाला त्या वेळेला एक वास असतो, उन्हाचा आणि पाल्याचा, थोडा कडसर. बायांच्या बोटांच्या पेरांना बोंडाची टोकं लागून लागून चिरा पडलेल्या, एखादी पाणी प्यायला ओंजळ करायची आणि स्स करायची. दोघी मिळून गाठोडं उचलायच्या, बाबा आकड्याला लावायचे, तबकडी बघायचे आणि आकडा बोलायचे. मी धुऱ्यावर बसून वहीत लिहायची. मला हे काम फार आवडायचं, माझं अक्षर चांगलं होतं, आणि सगळ्या बाया मला "पाय वो बाई, बराबर मांड" असं म्हणायच्या, त्यामुळं मीच कोणीतरी मोठी असल्यासारखं वाटायचं. बाबा म्हणायचे साडेएकतीस, आणि मग म्हणायचे एकतीस मांड. अर्ध्याचं कुठं लिहित बसतं. मी एकतीस मांडायची. हे मला विमानात आठवलं, ते सहाशे ग्रॅम वर चढवले तेव्हा नाही, नंतर, पाण्याचा ग्लास हातात असताना.

तबकडीकडं मी कधी बघितलंच नव्हतं. मी वहीकडं बघायची.

आणि वजन ह्या गोष्टीवर आमच्या घरात जेवढं बोलणं झालंय तेवढं पावसावरही नसेल. बाबांचा सगळा जन्म काट्यावाल्यांशी भांडण्यात गेला. १९७२ ला एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, तेव्हा आबा कर्ते होते, ते म्हणायचे की सरकारी काट्यावर तरी मापात पाप नसन, आणि पुढं केंद्रावर गाड्यांच्या रांगेत बैलांसकट रात्र काढून आल्यावर ते काहीच म्हणायचे नाहीत. बाबांच्या वेळेला व्यापारी, यार्ड, जिनिंग. कुठलं यार्ड ते सोडा. कटती, म्हणजे भरलेल्या वजनातून कापून घेणं, हा शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकले. पोत्यामागं कटती, ओलाव्याची कटती, कवडीची म्हणजे खराब कापसाची कटती, हमालाची वेगळी. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापतात आणि १२ च्या वर गेला की घेतच नाहीत, ते मशीन कापसात खुपसलं की बाबा श्वास धरून उभे राहायचे, जसा काही त्यांचाच ताप मोजून राहिले. एका वर्षी गाडी बाहेरच्या धर्मकाट्यावर वेगळी भरली आणि आतल्या काट्यावर वेगळी, फरक बावीस किलोचा. बाबा भांडले, मग हात जोडले, मग तसाच कापूस देऊन आले. रात्री जेवताना म्हणले, "आपल्या घरचा काटा खोटा नाई बोलत. मापात पाप आपण नाई करत." आई म्हणाली भाजी घ्या.

काउंटरवर मी म्हणूनच एवढी ठामपणे भांडले असेन.

अकराशे रुपयांचा हिशेब मी नंतर केला, खोलीवर गेल्यावर, काही उद्योग नव्हता म्हणून. २०२४-२५ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल, म्हणजे किलोला पंचाहत्तर. अकराशे म्हणजे जवळजवळ पंधरा किलो कापूस. त्या बॅगेएवढाच. डाळ बुटातून काढली, पीठ काढलं, तूप थोडं सांडलं होतं आणि एकाच पुस्तकाच्या कडेला लागलं होतं, ते पान अजून पारदर्शक आहे. सरगुंड्यांचा चुरा झाला होता, तो मी दुधात शिजवून खाल्ला. पहिल्या पगारात मी ऑनलाइन एक डिजिटल काटा घेतला, हाताएवढा, बॅगेला पट्टा लावायचा आणि उचलायचं. चारशेच्या आसपास मिळतो. ऑफिसमधल्या पोरी म्हणाल्या किती ट्रॅव्हल करते गं तू. मी वर्षातून दोनदा घरी जाणारी. पण मला तो हवाच होता, आणि कशासाठी हवा होता हे मी स्वतःला नीट सांगितलेलं नव्हतं.

दिवाळीला गेले तेव्हा सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन गेली होती आणि पहिली वेचणी चालू होती. जाम चौरस्त्यावर बाबा गाडी घेऊन आले होते, आल्या आल्या त्यांनी विचारलं, इकडून जाताना वजनाचा काही तरास झाला होता का. पाच महिन्यांनी! मी म्हणलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते वावरात, आई शेजारी फराळाचं करायला, आणि मी कोठ्यात जाऊन खिळ्यावरचा काटा सरळ केला. काचेवरची धूळ ओढणीनं पुसली.

पन्नासच्या तबकडीवर रिकामा काटा साडेअठ्ठेचाळीसवर उभा होता.

म्हणजे शून्याच्या दीड किलो अलीकडे. वर एक छोटा स्क्रू असतो, त्यानं काटा शून्यावर आणता येतो किंवा मागं नेता येतो. हा मागं नेलेला. स्क्रूच्या खाचेत इतका गंज की कोणी फिरवला असेल त्याला खूप वर्षं झाली असणार, आबांनीही असेल. तरी मी पाण्याची दहा लिटरची कॅन मोजली, डिजिटलवर डब्यासकट १०.४, आमच्यावर पावणेनऊच्या जरासं पुढं. बरोबर दीडचा फरक. मग मला एकदम हलकं वाटलं, कारण मला कारण सापडलं होतं: गाठोड्याचं लुगडं! लुगड्याचं वजन कापायलाच पाहिजे ना, ते काय कापूस आहे? दर वेळेला वजाबाकी नको म्हणून कोणीतरी काटाच मागं करून ठेवला. मी आईचं एक जुनं नऊवारी घेतलं आणि डिजिटलला लावलं. सहाशे ग्रॅम भरलं. म्हणजे उरले नऊशे. दवाचे धरू, सकाळच्या कापसात ओल असतेच, आमच्याकडून नाही का कापत ओलाव्याचे. पण संध्याकाळी चार वाजता उन्हात पडून राहिलेल्या गाठोड्यात कसलं दव. आठ बाया, नऊशे ग्रॅम, किलोला दहा रुपये वेचणी, हंगामात इतके दिवस, इतकी वर्षं, वर माझ्या वहीतले ते अर्धे अर्धे किलो. फोनवर गुणाकार करायला घेतला आणि अर्ध्यात बंद केला.

संध्याकाळी वावरात गेले. बाभळीला काटा लागला होता, आता वही धरायला कोणी नसतं, बाबा फोनमध्ये टाकतात. आमच्याकडं तीस वर्षं वेचायला येणारी एक मामी आहे, मामी म्हणायचं फक्त, नात्यातली नाही. तिचं गाठोडं नेहमीच सगळ्यात मोठं. लहानपणी मला वाटायचं हिला दाखवायची हौस आहे, चाळीस-चाळीस किलोचं एकच गाठोडं, डोक्यावर घेऊन धुऱ्यानं अशी यायची की मान हलायची नाही. विमानात एक बॅग ३२ किलोच्या वर घेतच नाहीत, तुम्ही कितीही पैसे द्या, कारण लोडरच्या पाठीला झेपत नाही, तसा नियम आहे. हे मी तिला गंमत म्हणून सांगितलं, आणि म्हणलं मामी, दोन गाठोडी काहून नाही करत, सून आहे ना सोबत. तिनं आधी बाबा किती लांब आहेत ते बघितलं.

"दोन बांधले का दोनदा खाते थो काटा. एक बांधलं का एकदाच खाते. आमाले का मालूम नाई का वो बाई?"

आणि हसली. मी म्हणलं तुम्ही कधी बोलल्या का नाही. ती म्हणाली, "काहाले बोला? दुसऱ्याच्या वावरात काटा अडीच खाते. तुह्या बाबाचा दीड. आन् आमी बी सकाऊन दवातला येचतोच नं, तळाशी टाकतो." मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि गाठोड्याची गाठ आवळली. तिच्या हिशेबात हा विषय कधीच मिटलेला होता. मी मात्र उभी राहून आठवत होते की पावसाळी वर्षी एकदा तिची मान आखडली होती, पंधरा दिवस ती वेचायला आली नव्हती, आणि घरी आम्ही म्हणत होतो कोण सांगते हिला एवढं उचलायला.

बाबांशी मी बोलले नाही. चार दिवस होते, रोज ठरवलं, रोज राहिलं. काय विचारणार होते? तुम्हाला माहीत होतं का? माहीत नव्हतं म्हणले तर तीस वर्षं रोज रिकामा काटा डोळ्यांसमोर असलेल्या माणसावर विश्वास ठेवावा लागला असता, आणि माहीत होतं म्हणले तर ते बावीस किलो, ते जोडलेले हात, जेवतानाचं ते वाक्य, ह्या सगळ्याचं मी काय केलं असतं. आणि अकराशे रुपये तर मी आधीच गिळले होते.

निघायच्या आदल्या रात्री परत ओसरी, परत ढीग. या खेपेला आईनं अनारसे वाढवले होते. डिजिटल काटा माझ्या पर्समध्येच होता, मी तो बाहेर काढला नाही. बाबांनी कोठ्यातून आपला आणला, नाटीला बांधला, बॅग लावली, तोंडात टॉर्च. मी काही बोलले नव्हते, मामीही त्यांच्याशी बोलली नसणार. बारा. आईनं डाळीची पिशवी टाकली. तेरा. मूगवड्या टाकल्या. बाबांनी टॉर्च तोंडातून काढून हातात घेतला.

"बस. आता काही टाकू नोको."

"काहून? साडेतेराच तं दाखवून राह्यला," आई म्हणाली. तिच्या हातात तिखटाची पिशवी तशीच. "पंधरा चालते नं? अजून दीड किलो बसते."

"नाई बसत," बाबा म्हणले, आणि माझ्याकडं न बघता बॅग आकड्यावरून काढून घेतली. काटा मागं गेला. त्यांनी दोर सोडला आणि तो कोठ्यात नेऊन खिळ्याला टांगला, तोंड भिंतीकडं करून.